चोवीस नंबरचा ठोकळा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला तो गाळा बाहेरून पाहिला तर वाटावं, आत साबणाच्या वड्या पाडत असतील. वनमालालाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण तिथे पाडत ते मातीचे ठोकळे. कच्छची राखाडी माती पिठासारखी दळायची, मोजून पाणी द्यायचं, साच्यात भरायची आणि प्रेसखाली अशी दाबायची की वर नखाचा ओरखडाही उमटू नये. अणुभट्टीतला जहरी कचरा जमिनीच्या पोटात पुरायचा, तेव्हा त्याच्या डब्याभोवती हे ठोकळे रचायचे. पाणी झिरपलंच तर माती फुगते, फटी बुजवते, आतलं आतच ठेवते. दहा हजार वर्षं, असं साहेब सांगत.

"दहा हजार वर्षांची वस्तू करतो नि घरच्या नळाचा वायसर दोन महिने टिकत नाही," धाकू हसून म्हणायचा.

धाकू म्हणजे वनमालाचा नवरा. तो प्रेसवर, ती वजनाच्या खोलीत. त्या खोलीची हवा कोरडी राखलेली असे. ठोकळा काट्यावर चढला की दाराला आतून कडी घालायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत ती काढायची नाही. बाहेरची दमट हवा शिरली की ठोकळ्याला चरे पडत, दिवसभराची मेहनत वाया जाई. हा नियम वनमाला देवाच्या सोवळ्यासारखा पाळायची.

वैशाखात एका दुपारी दारावर दोन ठोके पडले. ठोकळा काट्यावर होता. तिनं मागे न बघताच हात हलवला, थांबा म्हणून. आकडा स्थिर झाला, तिनं वहीत लिहिला, वेळ लिहिली, तीन वाजून दहा. मग कडी काढली. धाकू दाराशी बसला होता, पाठ भिंतीला, हातात कोकम सरबताची बाटली. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांत सगळं संपलं असणार. ती दोन मिनिटं कुठे गेली होती हे वनमालाला पुरतं माहीत होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

महिन्याभरानं ती परत कामावर आली. प्रेसवर आता रोझारिओ होता, मरोळ गावठाणातला, धाकूचा जुना दोस्त. एका बोगद्यात चाचणी व्हायची होती. कचऱ्याऐवजी हीटर ठेवायचा आणि भोवती चोवीस ठोकळ्यांचं कडं. तेवीस झाले होते. श्रावणातल्या एका दुपारी चोविसावा काट्यावर चढला. दुसऱ्या दिवशी ट्रक निघणार होता.

प्रेस बंद झाला होता. खोलीत ओल्या मातीचा वास आणि हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची बारीक घरघर, बाकी चिडीचूप. आकडा अजून हलत होता.

दारावर दोन ठोके पडले.

वनमालाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती.

"रोझारिओभाऊ...?"

दारात वरच्या बाजूला वीतभर काच होती. तिच्यात कुणी दिसत नव्हतं. पण धाकू बुटका. तो काचेत कधीच दिसायचा नाही.

ठोकळा बिघडला तर ट्रक रिकामा जाणार, नोकरीही जाणार. तिला सगळं कळत होतं. तरी ती उठली आणि तिनं कडी काढली.

"येवा," ती हळूच म्हणाली. "आत येवा... दार उघडा आसा."

दमट हवेचा लोट आला, आणि त्यात कोकमाचा आंबटगोड वास. तिच्या खांद्याला काहीतरी घासून आत गेलं, गर्दीतून माणूस जातो तसं, जपून. मग वास विरला.

रोझारिओ गाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आला. "वैनी, दार काय उघडलंस? वाट लागली ना आता!"

दोघांनी ठोकळा उचलून उजेडात धरला. एक चरा नव्हता. ओलावा मापला, बरोबर. रोझारिओनं वनमालाच्या तोंडाकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि ठोकळा पेटीत भरला.

ठोकळा गेला. त्या दिवसापासून वनमाला रोज तीन वाजून दहा मिनिटांनी काटा रिकामा ठेवून कडी काढू लागली. ठोके पडत नसत. तिला बरं वाटायचं, इतकंच.

दसऱ्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी श्वेताचा फोन आला. श्वेता चाचणीवरची इंजिनिअर, बोगद्यापाशीच राहत होती.

"काकी, चोवीस नंबरमध्ये आत काही राहिलंय का? खडा, स्क्रू?"

"का गं?"

"गेल्या सोमवारी बोगद्याचं तोंड बंद करून आतला आवाज टिपणारी यंत्रं चालू केली. रोज आवाज येतोय. दोन ठोके, मग कडी काढल्यासारखं काहीतरी. मग शांत. रोज तीन-दहाला. आता मातीच्या ठोकळ्यात कडी कुठून येणार?"

वनमालानं फोन कानाशी घट्ट धरला.

"काल मात्र कडी वाजलीच नाही," श्वेताचा आवाज उतरला. "ठोके नुसते चालूच, काकी... पार रात्रीपर्यंत."

काल रविवार होता. गाळा बंद होता. वनमाला घरी मेथी निवडत बसली होती. पुन्हा थांबवलं मी त्यांना, पुन्हा दाराशी.

पुढच्या रविवारी तिनं रोझारिओकडून किल्ली घेतली.

"आता दर रविवारी येशील?" त्यानं विचारलं. "नि आजारी पडलीस तर? नि... नंतर?"

"बघू," ती म्हणाली.

तीन-दहाला तिनं कडी काढली. कोकमाचा वास आला. तिला रडूच फुटलं, पण ते बरं वाटण्याचं रडू होतं.

"उद्या उघडीन," तिनं सांगितलं. "परवापण. जिवात जीव आसा तोवर उघडीन." मग तिला साहेबांची दहा हजार वर्षं आठवली आणि पुढचं बोलवेना.

दार सताड उघडं होतं. तरी ठोका पडला, एकच, आणि हळू, तेवढं पुरे म्हटल्यासारखा.