रानबोरीची फांदी

"फांदी हातात आली की तोंड बंद. बोलायचं ते फक्त मुझीशी. जिवंत माणसाशी एक अक्षर नाही. कळलं ना?" डुकुझा गाव सोडल्यापासून आत्या हे चौथ्यांदा सांगत होती.

"आत्या, मी आठवीच्या पोरांना गणित शिकवते. मला एकच नियम चारदा सांगावा लागत नाही," झोड्वा म्हणाली.

"मास्तरीण आहेस म्हणूनच सांगते. तुझी जीभ कधी स्वस्थ बसलीय?"

गाडी चालवणारा मेंझी फिस्सकन हसला. टॅक्सीच्या अड्ड्यावरून भाड्याने आणलेला माणूस, ओळख ना पाळख, पण गेलेल्याला मेल्या जागेवरून फांदीवर बसवून घरी आणायची रीत त्याला माहीत होती. झोड्वाच्या शेजारची जागा त्याने न सांगताच रिकामी सोडली होती. वर जाताना रिकामी आणि येताना मुझीची.

झोड्वाचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तीन महिन्यांपूर्वी मुझीचा मक्याचा ट्रक या घाटात कोसळला, मुझी गेला, त्याला घरामागे पुरलं, विषय संपला. पण आईचा संपला नव्हता. "पुरलंय ते नुसतं अंग," आई म्हणायची. "पोरगं अजून घाटात बसलंय, थंडीत." ती जेवत नव्हती, झोपत नव्हती, वाळून काडी झाली होती. फांदी धरायचा मान काकांचा, पण ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून ती मुझीच्या पाठच्या बहिणीच्या, झोड्वाच्या हातात आली. आई दोन घास खाईल, एवढ्यासाठीच झोड्वा निघाली होती.

ऑलिव्हियर्सहूक घाटाच्या त्या वळणावर गाडी थांबली तेव्हा भर दुपार होती. जून महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा, गवत पिवळं पडलेलं, वारा हाडात शिरणारा. खाली धरणाचं निळं पाणी आणि पलीकडे ओळीने उभे डोंगराचे सुळके. आत्याने रानबोरीची काटेरी फांदी तिच्या हातात दिली. "जा. मी आणि मेंझी इथेच थांबतो."

झोड्वा वळसा घालून पुढे गेली आणि जागच्या जागी थिजली.

मुझीसाठी रोवलेला क्रूस नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाट सुखाची व्हावी म्हणून थुंकी लावून एकेक दगड ठेवत रचलेली रास नव्हती. तिथे गुळगुळीत डांबर होतं, गाड्या लावायला पांढरे पट्टे होते आणि नजारा बघायला एक हिरवं बाकडं. क्रूस कचऱ्याच्या पिंपात सापडला, दोन तुकडे होऊन, केळीच्या सालींखाली.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाला विचारून? माणूस मेलाय इथे, माणूस! पाहुण्यांना डोंगर नीट दिसावेत म्हणून त्याची खूण पिंपात टाकायची? लाज कशी वाटली नाही मेल्यांना! तिने दात आवळले, फांदी घट्ट धरली. काटा तळव्यात रुतला.

आणि बाकड्यावर एक माणूस बसला होता. नेमका क्रूसाच्या जागी. लांब कोट, पाय पसरलेले, पाठ तिच्याकडे. तो निवांत डोंगर बघत होता.

झोड्वा थांबली. तो उठेल म्हणून वाट पाहिली. तो हललासुद्धा नाही.

"ऊठ!" ती ओरडलीच. "ऊठ म्हणते ना! ही काय तुझ्या बापाची जागा आहे? माझा भाऊ गेलाय इथे. चल, ऊठ, घरी जा!"

त्याने सावकाश मान वळवली. तोंडावर ना राग, ना आश्चर्य. दुपारच्या लख्ख उन्हातही त्याच्या खांद्यांवर दहिवर पांढरं गोठलेलं होतं.

"घरी?" तो म्हणाला. "खरंच?"

"हो, घरी! चल!" तिने फांदीनेच वाट दाखवली.

तो लगेच उठला. आज्ञाधारक मुलासारखा. तिच्या बाजूने गेला आणि मग कुठे गेला ते तिला दिसलं नाही.

आत्या धापा टाकत आली. "कुणावर ओरडत होतीस?"

खरं सांगितलं तर आज परत फिरायचं, बकरा कापून पूर्वजांची माफी मागायची, नवी फांदी, नवा दिवस. आई तोवर टिकेल?

झोड्वा रिकाम्या बाकड्याकडे वळली. "मुझी, किती वेळा ऊठ म्हणायचं तुला?"

आत्याचे डोळे भरून आले. "आळशीच मेला, पहिल्यापासून."

मग झोड्वाने रीतीने फांदी जमिनीवर टेकवून हाक मारली, "मुझी, चल. आई वाट बघतेय." फांदी उचलली. उचलताना ती मघापेक्षा जड लागली.

गाडी उतरू लागली. झोड्वा रिकाम्या जागेकडे बघून सांगत होती, सांगायचंच असतं, नाहीतर गेलेला वाटेत चुकतो. "मुझी, वळण आलं. मुझी, आता उतार." शेजारची गादी खाली दबलेली होती. जुनी गाडी, झिजलेली गादी, तिने स्वतःला समजावलं.

"आत्याबाई," मेंझी आरशात बघत म्हणाला, "मागून कुणीतरी पळत येतंय. थांबू?"

"खुळा आहेस का? आपला माणूस घेऊन चाललोय. वाटेत कुणाला घ्यायचं नसतं."

"अनवाणी आहे हो. या थंडीत."

"असू दे!"

मेंझीने काच थोडी खाली केली, कान दिला.

"या गाडीत झोड्वा कोण?"

आत्याने झोड्वाकडे पाहिलं.

"तेच नाव घेऊन ओरडतोय."

"थांबव!" झोड्वा किंचाळली. "मागे फिरव गाडी!"

"अजिबात नाही!" आत्याने तिचा दंड पकडला. "फांदी घेऊन मागे फिरलं तर मुझी कायमचा जाईल. आणि बोललीस कशाला, कारटे?"

झोड्वाने मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता रिकामा. ऊन आणि पिवळं गवत.

"आता नाही दिसत," मेंझी म्हणाला. "दमला बहुतेक. रस्त्यावर खाली बसला होता."

"बोल," आत्या तिला हलवत होती. "त्याला सांग ना, पूल आला. वाट चुकेल पोराची."

झोड्वाने दबलेल्या गादीकडे बघत तोंड उघडलं.

"पूल आला," शेजारच्या जागेवरून बाकड्यावरचा तो आवाज हलकेच म्हणाला. "अजून किती लांब आहे घर?"