गडावर नाव घेऊ नये

डिसेंबर २०१७मधला रविवार. चिकूच्या तोडणीला सुट्टी होती, म्हणून नूतनने मला वाडीतून अक्षरशः ओढून काढलं. लग्नाला वर्ष होत आलं तरी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळापलीकडे मी तिला काही दाखवलं नव्हतं. वाडीत कामाला येणारी सोमी कोटबीच्या गडाखालच्या पाड्यावरची. वाट दाखवायला तीच पुढे झाली.

गड म्हणजे काय, तर ढासळलेला दरवाजा, कारवीत बुडालेला तट, एक बुरूज आणि कातळात खोदलेलं टाकं. दरवाज्यात सोमी थांबली.

"शेट, आत कोणाला नावानं हाक नाय मारायची. नुसती कू घालायची."

"का गं?" नूतनने विचारलं.

"वेढा पडलेला तवा. दुश्मनानं दरवानाच्या पोराला धरला, त्याला खालून बापाच्या नावानं हाक मारायला लावली. बापानं ओ दिली, दरवाजा उघडला. कोण नाय वाचलं."

"मला काय, मी नवऱ्याचं नाव घेतच नाही," नूतन डोळा मिचकावत म्हणाली. खरं तर दिवसभर ती मला जतीन, जतीन करायची. मी हसलो. इतिहासाला तिखटमीठ लावून सांगणारे मला नवे नव्हते.

टाक्यातलं पाणी हिरवंगार होतं, काठावर शेवाळ. नूतन ओंजळ भरायला वाकली आणि तिचा पाय सटकला.

"नूतन!" मी ओरडलोच. दंड धरून तिला मागे खेचलं.

"ओ!"

आवाज तिचाच होता. पण तो आला वरच्या बुरुजावरून.

तिचा दंड माझ्या हातात होता. तिचे ओठ मिटलेले होते.

बुरुजावर कोणीच नव्हतं. सोमीने आम्हा दोघांचे हात धरले आणि खाली उतरवलं. मी दर पावलाला मागे बुरुजाकडे बघत होतो. नूतन मात्र शांतपणे उतरली.

पायथ्याशी मी पाण्याची बाटली पुढे केली. "नूतन, घे."

तिने मागे वळून पाहिलं. मी कोणाला देतोय ते बघायला.

मुंबईचे डॉक्टर झाले, नवससायास झाले. स्वयंपाक, वाडीची कामं, माझी थट्टा, सगळं पूर्वीसारखंच आहे. पण 'नूतन' म्हटलं की ती अजूनही मागे वळून दुसऱ्याच कोणाला शोधते, म्हणून मी तिला नुसतं 'अगं' म्हणतो. काल मात्र जेवताना राहवलं नाही. तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नूतन."

तिने हातातला घास ताटात ठेवला आणि बंद दाराकडे पाहिलं.

"केव्हाची ओ देतेय बिचारी," ती म्हणाली. "तिला आत का नाही घेत, जतीन?"