जिवंत टक्केवारी

मे महिन्यात झाडं मोजण्याचं काम मला मिळालं, कारण मे महिन्यात झाडं मोजायला दुसरं कुणी तयार नव्हतं. अंबड एमआयडीसीतल्या सात कारखान्यांनी मला इंजिनीअर म्हणून नाकारलं होतं. आठव्याच्या गेटवरून मी स्वतःच परत आलो, म्हटलं त्यांचा वेळ वाचवू. मग नाशिकमधल्या एका सल्लागार संस्थेनं मला वनीकरण तपासनीस केलं. पात्रता : स्वतःची मोटरसायकल.

काम सोपं होतं. कुठं तरी रस्ता रुंद होतो, झाडं पडतात. त्यांच्या बदल्यात दुसरीकडे, जिथं रस्ताही नाही आणि पाणीही नाही, अशा ठिकाणी रोपं लावतात. तीन वर्षांनी माझ्यासारखा एक जण जातो आणि किती जगली ते बघतो. त्याला ‘जिवंत टक्केवारी’ म्हणतात. दहातलं एक रोप तपासायचं. शेजारी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी उभी धरायची, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फोटो घ्यायचा, उंची भरायची, ‘जिवंत’ किंवा ‘मृत’ निवडायचं. ठिकाण अ‍ॅप स्वतःच टिपतं. शेवटची नोंद रखवालदाराची, तो जागेवर हजर असल्याचा पुरावा म्हणून. गावात रेंज नसली तरी चालतं. रेंज आली की नोंदी आपोआप वर जातात आणि एकदा केलेली नोंद खोडता येत नाही. याला पारदर्शकता म्हणतात.

हरसूलच्या अलीकडे तोरणपाडा नावाची वस्ती आहे. तिथला गट नंबर एकशे चौदा म्हणजे मुरमाचा उघडा माळ. बावीसशे खड्डे होते, चौकोनी, दीड फूट बाय दीड फूट, ओळीत. खड्ड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. बहुतेकांत काळी प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत माती, मातीत एक काडी. रोपं पिशवीसकट लावली होती. परत न्यायची असतील कदाचित. हिरवं असं मला अकरा ठिकाणी दिसलं. त्यात आठ रुई आणि तीन घाणेरी. म्हणजे जे कुणी लावलं नव्हतं तेवढं जगलं होतं.

रखवालदार हिरामण मोजकाठी खांद्यावर टाकून माझ्यामागून चालत होता. पंचेचाळिशीचा, सडसडीत, टायरच्या चपला.

“किती भरतंय, साहेब?”

“शून्य.”

“शून्य म्हंजी शंभरातलं?”

“कशातलंही.”

“मग बरं,” तो म्हणाला. “लय गुणाकार नाय करावा लागनार.”

माणूस मला आवडला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

पन्नास टक्क्यांखाली आलं तर कारण लिहावं लागतं. कारण फॉर्मात आधीच छापलेलं आहे : रखवालदाराची हयगय. दुसरं निवडायची सोय नाही. हिरामणनं तीन उन्हाळे खालच्या झिऱ्यावरून कावडीनं पाणी आणून ओतलं होतं. दिवसाला चाळीस खेपा. बावीसशे खड्ड्यांना चाळीस खेपा. हयगयीचं इतकं मेहनती उदाहरण मी पाहिलं नव्हतं.

“काढून टाकतील ना?” त्यानं विचारलं.

“बहुतेक.”

“मग परत द्राक्षाला जावं लागंल, खाली पिंपळगावला. म्हातारी एकलीच हाय.” मग उगाच खाकरून म्हणाला, “टेकाडापल्याड आमची देवराई हाय. बघाया तरी चला. तिथं न लावता किती आल्यात.”

देवराईत शिरलो आणि चष्म्यावर वाफ धरली. मे महिन्यात जमीन ओली होती. हिरडे, बेहडे, ऐन, माणसाला मिठीत न मावणारे आंबे; आणि त्यांच्याखाली पालापाचोळ्यातून वर आलेली जांभळाची, हिरड्याची, ऐनाची पिल्लं. गुडघ्याएवढी, कमरेएवढी. तीन वर्षांची रोपं जेवढी असायला हवीत, नेमकी तेवढी.

आमच्या ऑफिसातल्या अमितनं माझ्या मोबाइलमध्ये एक करामत टाकून दिली होती. तिच्यामुळे फोन कुठंही असला तरी आपण दुसरीकडे आहोत असं समजतो. अमितनं अख्खा मार्च गंगापूर रोडला घरी पडून पाच तालुके तपासले होते. मी फोनला सांगितलं, तू माळावर आहेस. फोननं ऐकलं.

दोनशे वीस नोंदींतली शेवटची रखवालदाराची, म्हणून रोपं दोनशे एकोणीस. हिरामण काठी धरायचा, मी फोटो घ्यायचो. प्रत्येकात त्याचा हात. तीन तास लागले. शेवटी त्याला वाघदेवाच्या खांबाजवळ काठी घेऊन उभं केलं. लाकडी खांब, वर कोरलेला वाघ, सूर्य, चंद्र. खांब चौकटीबाहेर ठेवला. अ‍ॅपला माणूस कळत नाही, त्यानं हिरामणचीही उंची मागितली. मी काठीवरून वाचून भरली. १६२ सेंमी. स्थिती : जिवंत. वाढ : समाधानकारक. हिरामणला वाचून दाखवलं तर तो खांबाला टेकून हसला.

त्याची आई, चिमणाबाई, राईच्या तोंडाशी बसली होती. ती हसली नाही.

“काय नेताय, दादा?”

“काही नाही आजी. फोटो आहेत.”

“हितली काडी न्यायची झाली तरी देवाला सांगावं लागतं. काय नेतो आन् कुठं नेतो. सांगितलं तिथं देव पोचवतो. म्हनून खरं सांगायचं.”

“फोटोचं कशाला, आये?” हिरामण म्हणाला.

“मोबाइलात घातलं का नाय? कुठं नेतो म्हनून लिवलं का नाय त्यात?”

म्हातारीनं मुद्दा बरोबर पकडला होता. मला अशा वेळी विनोद करायची सवय आहे. मी खांबासमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, “देवा, दोनशे एकोणीस झाडं नेतोय. गट नंबर एकशे चौदाच्या माळावर. रखवालदारासकट.”

राईत एक पक्षी ओरडत होता, तो थांबला. एवढंच. पक्षी थांबतात.

“बोललात ते बोललात,” चिमणाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नोंदी एकेक करून वर जात होत्या. चहा घेईपर्यंत चाळीस. जेवणापर्यंत दीडशे. चार वाजता दोनशे एकोणीस. शेवटची, हिरामणची, अडकून बसली. हसताना काढलेला फोटो होता, जड झाला असेल. आमच्या मालिनी मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“शंभर टक्के? आल्हाद, अरे थोडे तरी मार की. कुणाला खरं वाटणार नाही.”

“रखवालदार चांगला आहे, मॅडम.”

साडेचारला हिरामणचा फोन आला. टेकाडावर चढून लावला होता, वारा ऐकू येत होता.

“साहेब, राईतली पिल्लं दिसंनात.”

“गुरं शिरली असतील.”

“गुरं चौकोनी खड्डं नाय पाडत.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आन् दुसरं म्हंजी,” तो म्हणाला, “माळावर सावली पडलीया.”

“ढगाची?”

“ढग नाय. बारकी बारकी सावली हाय. मी बसून बघितलं. थंड लागतं.”

सकाळी दहाला मी तिथं होतो. रुई होती, घाणेरी होती, मुरूम होता. आणि मुरमावर, एक सोडून एक ओळींत, सावल्या होत्या. जांभळाच्या पानांची सावली, हिरड्याची, ऐनाची. वारा आला की हलायच्या. वर काही नव्हतं. मी हात फिरवला, हाताला हवा लागली. प्रत्येक सावलीशेजारी एका सरळ काठीची सावली होती, आणि काठी धरलेल्या मुठीची.

मी सावल्या मोजल्या. दुसरं मला येत नाही. दोनशे एकोणीस.

हिरामण त्यांतल्या एका मोठ्या सावलीत उकिडवा बसला होता. खरं सांगायचं तर खूश होता. तीन वर्षं राखलेल्या माळावर त्याला पहिल्यांदाच सावली मिळत होती.

“जगली म्हनायची का ही, साहेब?”

“हिरामण, मी मॅडमना फोन करतो. अहवाल मागं घ्यायला सांगतो. खरं काय ते सांगून टाकतो.”

“माझं काय व्हईल?”

“द्राक्षं.”

त्यानं माळाकडे पाहिलं. “चला मग. हितं रेंज नाय. टेकाडावर येती.”

तो पुढं, मी मागं. काठी त्याच्या खांद्यावर. चढताना तो सांगत होता की पिंपळगावला एक मुकादम ओळखीचा आहे, द्राक्षाचं काम वाईट नसतं, पाठ तेवढी जाते. वर पोचलो तेव्हा मी मोबाइल खिशातून बाहेर काढला. रेंजची एक दांडी दिसली. मग दोन.

मोबाइल हातात थरथरला.

‘उर्वरित नोंद पाठवली. एकूण : २२०.’

मला कळायला फार वेळ लागला नाही. पण लागला.

मोजकाठी खडकावर पडल्याचा आवाज झाला.

वर मी एकटाच होतो.

खाली माळावर, सावल्यांच्या शेवटच्या ओळीपुढे, माणसाची सावली होती. काठी धरून उभी. हसताना खांदे हलतात तशी हलत होती.

चिमणाबाईला मी कसं सांगितलं ते मला लिहिता येणार नाही. तिनं फक्त विचारलं, “कुठं हाय?” मी दाखवलं. ती सावलीजवळ जाऊन बसली. “सांगितलं तिथं पोचलाय,” म्हणाली.

ऑफिसात माझं अभिनंदन झालं. तोरणपाड्याचा माळ आदर्श ठरला. हिरामणला रखवालदार म्हणून तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. फॉर्मात ‘हजर’ होता ना.

त्यानंतरचे आठ दिवस मी रोज गेलो. म्हातारी रोज अकराला नाचणीची भाकर फडक्यात बांधून आणायची आणि सावलीच्या हाताजवळ ठेवायची. बारा वाजता सावली आखडत आखडत पार दिसेनाशी व्हायची. तेवढा वेळ म्हातारी श्वास धरून बसायची. मग पलीकडच्या बाजूनं बोटभर उगवली की पदरानं तोंड पुसायची. संध्याकाळी भाकर जशीच्या तशी असायची. मात्र भाकरीची सावली पडत नसे.

नवव्या दिवशी ती म्हणाली, “पावसाळ्यात ऊन नसतं, दादा.”

मी मान हलवली.

“चार महिनं कुठं बघू त्याला? तुम्ही नेलाय, तुम्हीच देवाला सांगा. सांगून माघारी आना.”

तिनं नीट सांगितलं होतं. काय नेतो, कुठं नेतो. एवढीच तर रीत. पण त्या नऊ दिवसांत मी एक चांगला माणूस झालो होतो, आणि चांगल्या माणसांना कबुली द्यायची फार हौस असते.

राईत गेलो. पालापाचोळ्यात चौकोनी खड्डे होते, दीड फूट बाय दीड फूट, जिथं जिथं फोटो घेतला होता तिथं. मी खांबासमोर उभा राहिलो. हात जोडले. या वेळी विनोद केला नाही.

“देवा, मी खोटं बोललो. माळावर झाडं नाहीत. रखवालदार नाही. तिथं काहीही नाही.”

इतकं खरं मी आयुष्यात बोललो नव्हतो. हलकं वाटलं. टेकाडावर पडून असलेली मोजकाठी उचलून खाली उतरताना मी शीळसुद्धा घातली.

साडेअकरा वाजले होते. ऊन होतं. माळ होता.

एकही सावली नव्हती.

चिमणाबाई फडकं हातात घेऊन उभी होती. माळाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बघत.

“काय सांगितलंत?”

“खरं.”

तिनं फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“भाकर कुठं ठेवू आता?”

मी परत राईत पळालो. देवाला पुन्हा सांगितलं, नीट, रीतीप्रमाणे, काय आणि कुठं. पुन्हा पुन्हा सांगितलं. तो पक्षीही ओरडला नाही. मग खांबाच्या शेजारी, जिथं हिरामणला उभं केलं होतं, तिथला पाला पायानं सारला. तो खड्डा चौकोनी नव्हता. लांब होता. रिकामा. मोजकाठी हातात होती म्हणून आडवी धरून मोजला.

एकशे बासष्ट.

मी नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहिलं : तपासनिसाची हयगय. मालिनी मॅडमना वाटलं गंमत करतोय. अ‍ॅप मात्र मोबाइलवरून निघत नाही, जुन्या नोंदी दिसत राहतात. माळावर काही नाही असं मी सगळ्यांना लिहून कळवलं, पण अहवाल मंजूर आहे, आणि मंजूर अहवाल तपासायला मे महिन्यात कोण जाणार? चिमणाबाई अजून रोज अकराला भाकर नेते. कुठं ठेवते, ते मी विचारलेलं नाही.

काल सहज नोंद क्रमांक दोनशे वीस उघडली. हिरामण हसतोय. स्थिती : जिवंत. वाढ : समाधानकारक.

उंची : १६३.