पाठमोरा वाटा

श्रीखंडाच्या डब्यात गांडुळं निघाली, तेव्हाच मासे धरायला मी येत नाही म्हणून सांगायला हवं होतं.

डबा फ्रीजमध्ये होता, दह्याच्या शेजारी. झाकण उघडलं तर आत ओली माती आणि त्यात ती वळवळ. मी किंचाळले. आतल्या खोलीतून रवी शांतपणे म्हणाला, "थंड जागी जगतात ते. झाकन लाव पयले."

हा माझा नवरा. वीज कंपनीत नोकरीला आहे, मी वाशीमला मेडिकल चालवते. आमचं कॉलेजातलं प्रेमलग्न, त्यामुळे अरे-तुरे आणि भांडणही बरोबरीचं. माणूस वाईट नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, चपला एका जागी काढेल तर शपथ. एक उंबऱ्यात उलटी पडलेली, दुसरी सोफ्याखाली. रोज सकाळी ड्यूटीला निघताना घरभर ओरडतो, "नीलू, माही चप्पल पाह्यली का?" आणि मी रोज शोधून देते.

गेल्या वर्षी त्यानं एक जुनी स्कूल व्हॅन विकत घेतली. मागच्या सीटा काढून फळ्यांचा पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, माझी चांगली साडी फाडून पडदे केले आणि तिला 'क्याम्पर' म्हणायला लागला. मी 'डबा' म्हणते. मोबाईलवर तो परदेशातल्या कुठल्याशा नवरा-बायकोचे व्हिडिओ बघतो. ती दोघं अशाच गाडीतून तळ्यातळ्यावर फिरतात, मासे धरतात, भाजून खातात, हसतात. ती बाई इतकी हसते त्या अर्थी मासे तिला साफ करावे लागत नसणार, असं माझं मत.

माझं एक ठरलेलं वाक्य आहे, तेही सांगून ठेवते. रवी दुकानात येऊन काही घोळ घालायला लागला की मी गिऱ्हाइकांना म्हणायची, "कोनाले पायजे असंन त घेऊन जा याले एकदाचा." बाया हसायच्या, रवीही हसायचा. आमच्याकडे एवढं बोलणं चालतंच. त्यात वाईट काही नव्हतं हो.

तर, दुकान बंद ठेवून आम्ही निघालो. सोयाबीन निघून शेतं मोकळी झाली होती, तुरीला पिवळी फुलं होती, हवाही बरी होती. मानोऱ्याच्या अलीकडे रवीच्या मामांचं गाव आहे आणि गावामागे तळं. नानाजी मामांनी उभी हयात त्या तळ्यावर जाळं टाकलं. आता गुडघे गेलेत, ओट्यावर बसून असतात. भागिरथामामींनी चहा दिला. मामांनी आमच्या डब्याला एक चक्कर मारली, पडदे बघितले, आणि पान जुळवता जुळवता म्हणाले, "मासे धरा. खा. फक्त तठी वाटे नोका घालू. वाटे घालाचे त घरी आनून घाला."

"काहून मामा?" रवीनं विचारलं.

"आमी कोनीच घालत नाई. माणिकराव गेला तवापासून."

माणिकराव कोण, कसा गेला, हे मी विचारणार तेवढ्यात रवीनं गाडी सुरू केली. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, ही त्याची दुसरी खोड.

तळ्याच्या काठी बाभळीखाली गाडी लावली. माचीस घरीच राहिली होती. पाणी प्यायचा कॅन कलंडून माझी गादी भिजली होती. घडीची खुर्ची उघडताना तिचा पाय रवीच्या हातात आला. तो मात्र गळ टाकून असा बसला की जन्मभर हेच करत आलाय. दुपार सरली, एक मासा लागेना. मी म्हटलं, "बाजारातून आनले असते त आतापर्यंत जेवून झोपलो असतो." तर म्हणतो, "श्श. मासे आयकतात."

उन्हं कलली आणि मग मात्र मासे लागायला लागले. एकामागून एक. गळ पाण्यात पडायचा अवकाश, दोरी ताणलीच. रोहू, मरळ, मग बारीक मासे, पुन्हा रोहू. जसं काही खालून कोणी एकेक लावून देत होतं. रवी तर लहान पोरासारखा नाचत होता. गोणपाट भरलं तसा माझा जीव मात्र घाबरा झाला, वेगळ्याच कारणानं. एवढे मासे साफ कोण करणार?

"तू मोठे दोन खरवडतो अन बारीक सगळे माह्या मढ्यावर टाकतो," मी म्हटलं. "आज चालनार नाई."

"बरं बाई. वाटे घालू. ज्याचा वाटा त्यानं साफ करावा."

"मामा नाई म्हने ना?"

"मामा त मोबाईललेही नाई मनते."

आमच्याकडे मटण असो की मासे, वाटे घालायची एक रीत आहे. सारखे ढीग करायचे. एकानं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, 'हा कोणाचा?' पाठ केलेल्यानं मागे न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा. मग कुरकुर नाही, अदलाबदल नाही, परत मागणं तर नाहीच. न बघता दिलेलं असतं ना, म्हणून.

रवीनं गोणपाटावर दोन ढीग केले. मी गाडीच्या दारात बसले, तोंड तुरीच्या शेताकडे, पाठ तळ्याकडे. दिवस मावळत होता. पाखरांचा कलकलाट चालला होता.

"हा कोनाचा?" रवीनं विचारलं.

"माहा."

संपलं की. दोनच ढीग, एक माझा म्हणजे दुसरा त्याचा. मी उठणार, तर पाखरं एकदम गप्प झाली. पाण्यावरून गार झुळूक आली आणि तिच्याबरोबर वास, तळाच्या चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा.

"आन... हा कोनाचा?"

आवाज जरा बसलेला होता. दिवसभर पाण्याकाठी बसून घसा धरला असेल, असं वाटलं. पण माझं डोकंच फिरलं. भिजलेली गादी, मोडकी खुर्ची, बंद दुकान, सगळं एकदम वर आलं. दोन वाट्यांत दुसऱ्यांदा विचारायचं काय असतं? माणसानं किती पिडावं?

"जो विचारून राह्यला त्याचा!" मी ओरडले. "घेऊन जाय एकदाचा!"

मागून हसणं आलं नाही. रवी असता तर हसला असता.

मी मागे वळले.

गोणपाटावर दोन्ही ढीग जागच्या जागी होते. तिथं कोणी नव्हतं. काठावर रवीच्या चपला होत्या. जोडीनं, एकीला एक लावून, टाचा माझ्याकडे आणि बोटं पाण्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्या चपला अशा नीट ठेवलेल्या बघत होते. आणि रवी पाण्यात होता. छातीइतक्या पाण्यात, माझ्याकडे पाठ करून, बाजाराला निघाल्यासारखा सावकाश पुढे चालला होता.

"रवी... अरे रव्या!"

तो थांबला नाही. मी तशीच धावले. पाय चिखलात रुतत होते, साडी पायात येत होती. त्याची कॉलर हाताला लागली तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी आलं होतं. ओढला, तर हलेना. रवी काही जड माणूस नाही. त्याला दुसऱ्या बाजूनंही कोणी धरलं होतं, मला तसं वाटलं, आणि ते माझ्यासारखं घाबरलेलं नव्हतं.

"माहा आहे!" मी रडत ओरडले. "हा माहा आहे! नाई द्याचा मले! माहा आहे!"

एकदम तो हलका झाला. आम्ही दोघं मागे पडलो. नाकातोंडात पाणी गेलं. तो खोकत उठला आणि माझ्यावरच चिडला, "काहून बोंबलून राह्यली? हात धुऊन राह्यलो होतो ना मी!"

छातीभर पाण्यात उभा राहून म्हणे हात धुत होता. आणि 'हा कोनाचा' किती वेळा विचारलं म्हटलं, तर म्हणे एकदाच. "तू 'माहा' म्हटलं, मी हात धुवायले गेलो, बस."

मासे तसेच टाकून आम्ही निघालो. दोन्ही ढिगांतला एक मासाही हलला नव्हता. म्हणजे मासे कोणाला नकोच होते, हे मला गाडीत बसल्यावर कळलं, आणि थंडी वाजायला लागली ती थांबेना.

मामांनी ओले कपडे बघितले. रवी मामींकडे टॉवेल मागायला आत गेला, तेव्हा हळूच मला विचारलं, "पाठ कोनाची होती?"

"माही."

"काय मनलं तुनं?"

मी सांगितलं. मामांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"माणिकरावनं हेच मनलं होतं. मस्करीत. सख्खा भाऊ गेला त्याचा. मंग तोही..." ते थांबले. "तू परत आनला, बरं केलं. पन बाई... पान्यातल्याचा वाटा त रिकामाच राह्यला ना."

"मंग आता?"

"आता पाठीमागून कोनी विचारलं त 'माहा' मनाचं. दुसरं काई नोको मनू. रागातही नोको."

वाशीमला आलो. मला वाटलं, तळं मागे राहिलं. पण एक दिवस मी ओट्याशी तांदूळ धूत होते, रवी मागे टीव्ही बघत होता, आणि घरात तो चिखलाचा वास आला.

"हा... कोनाचा?"

"माहा," मी म्हटलं. हातातलं पातेलं निसटून तांदूळ सांडले. रवी म्हणाला, "काय तुहा? रिमोट?"

मग दुकानात, तो काउंटरपाशी उभा असताना. मग गच्चीवर, कपडे वाळत घालताना. दर वेळी मी उत्तर द्यायची, माहा, माहा. मी त्याच्याकडे पाठ करणंच सोडून दिलं. तो आंघोळीला गेला की दाराबाहेर उभी राहायची. ड्यूटीवर असला की सारखा फोन लावायची. त्याच्यावर ओरडणंही बंद केलं. चपला मुकाट्यानं उचलून ठेवायची, आणि त्या वाकड्यातिकड्या पडलेल्या दिसल्या की मला बरं वाटायचं. ते ठरलेलं वाक्य तर पुन्हा तोंडातून काढलं नाही. खरं सांगते, हा माणूस मला इतका हवा आहे, हे मला तळ्यावर जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आणि तो? तो वैतागला. मामांचं सगळं सांगितलं तर हसला आणि मग चिडला. "सावलीसारखी मांगं लागली तू. श्वास त घेऊ दे!" व्हॅनला गिऱ्हाईक शोधायला मात्र तयार झाला. मी म्हटलं, वैतागू दे. जिवंत आहे, वैतागतोय, चांगलं आहे.

काल रविवार. सकाळचं कोवळं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. रवी म्हणाला, आज बुर्जी मी करतो. माझ्याकडे पाठ करून तो गॅसशी उभा होता, कांदा परतत, एका हातात मोबाईल. मी खुर्चीत बसले होते, खुर्ची भिंतीला टेकवून, नेहमीसारखी त्याच्यावर नजर ठेवून. कांद्याचा छान वास सुटला होता.

मग कांद्याचा वास गेला. दुसरा आला.

मी कान दिला. उत्तर तोंडात तयार होतं. पण या वेळी मला काही ऐकू आलं नाही.

रवीनं मात्र उलथणं कढईवर आपटलं. माझंच ते जुनं वाक्य त्यानं माझ्याच चालीवर, मागे न बघता म्हटलं, "ज्याले पायजे त्यानं घेऊन जा बाप्पा हिले एकदाची!"

आणि हसत वळला. "काय सारखं सारखं, ही कोनाची, ही कोनाची. आता तूच इचारून राह्यली का?"

मी काही बोलले नव्हते. इतके दिवस मी त्याची पाठ राखत बसले होते. पाठ त्यालाही आहे, मागून त्यालाही कोणी विचारेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"म्हन," मी कसंबसं म्हटलं. "माही आहे म्हन. आत्ताच्या आत्ता म्हन, रवी."

त्यानं माझा चेहरा बघितला आणि घाबरून म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. जवळ येऊन माझे हात धरून म्हटलं. त्याच्या मागे बुर्जी करपत होती. वास करपल्याचाच येत होता, चिखलाचा नाही. मला वाटलं, झालं, वेळेत म्हटलं त्यानं.

मग तो दूध आणायला खाली निघाला. दार उघडलं आणि नेहमीसारखा ओरडला, "नीलू, माही चप्पल पाह्यली का?"

मी उठून गेले. त्याची एक चप्पल उंबऱ्यात उलटी पडली होती, दुसरी सोफ्याखाली.

माझ्या मी रात्री रॅकमध्ये ठेवल्या होत्या. त्या दाराबाहेर होत्या. जोडीनं, एकीला एक लावून, बोटं जिन्याकडे. आणि ओल्या होत्या.