उभ्याने वाचणारे

शाळेतून आल्यावर आईने माझ्या हातात पेचकस दिला आणि तो आत्याच्या दुकानात नेऊन द्यायला सांगितला. फळ्यांचे स्क्रू गंजले होते आणि आत्याचा पेचकस बोथट झाला होता. एवढंच काम होतं. मी दप्तर ठेवलं, चप्पल घातली आणि निघाले.

आत्याचं दुकान पुस्तकांचं. बाजाराच्या टोकाला, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, आणि गावात तेवढं एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकामं करून किल्ली घरमालकाला द्यायची होती. का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

धर्ममंडळाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथेच होते. अनोळखी कुणीच नव्हतं. सगळ्यांत पुढे औषधवाला होता, ज्याच्याकडून आम्ही आजीच्या गोळ्या आणतो. त्याच्यामागे आमचे कवायतीचे सर. त्यांच्या हातात शिट्टीशिवाय दुसरं काही कुणी कधी पाहिलेलं नाही. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. एक पुस्तक दर्शनी काचेतून काढा म्हणाले, लोकांच्या भावना दुखावतात. आत्याने काढलं. मग ते पुढच्या फळीवरूनही काढा म्हणाले, तेव्हा तिने ते मागच्या फळीवर नेलं. मग मागची अख्खी फळीच त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. शेवटी घरमालकाच्या मुलीचं लग्न मंडळाच्या सभागृहात ठरलं होतं, ते अडेल असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, आणि त्याने आत्याला जागा सोडायला सांगितलं. आवाज कुणीच चढवला नाही. काचसुद्धा फोडली नाही. फोडली असती तर निदान लोकांना दिसलं तरी असतं.

ते पुस्तक मी वाचलेलं आहे. नदीकाठच्या एका बाईची गोष्ट आहे ती. ती एक दिवस प्रार्थनेला जायचं थांबवते. शेजारीपाजारी रोज दारात येऊन तिला हाका मारतात, आता काहीतरी वाईट होणार म्हणून वाट बघतात. काहीच होत नाही. शेवटच्या पानावर ती पायरीवर बसून शांतपणे पाय धुते. बस्स, संपलं. एवढ्याशा पुस्तकाला ही माणसं घाबरली.

मी ते दुकानातच उभ्याने वाचलं. आत्याकडे तशी पद्धतच होती. ज्यांना पुस्तक घरी नेता येत नाही, त्यांनी मागच्या फळीशी उभं राहून वाचायचं. प्रत्येकाला आत्या एका रंगाचा दोरा ठरवून द्यायची. जाताना तो दोरा आपल्या पानात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. माझा जांभळा. कोणता रंग कुणाचा हे फक्त आत्याला माहीत.

आणि इथेच आत्याची चूक झाली. मंडळाची माणसं खोकी घेऊन मागची फळी उचलायला आली, तेव्हा ती रागाने थरथरत होती. पण हातांना सवय. एकेक पुस्तक खोक्यात ठेवताना तिने दोरे नीट आत सारले, कुणाचं पान हरवू नये म्हणून. दोरे काढून टाकायला हवेत हे तिच्या लक्षात आलं तोवर खोकी गेली होती. आता त्या पुस्तकांवरून कळणार होतं की गावात ती कोण कोण वाचत होतं. फक्त कोणता रंग कुणाचा हे कुणीतरी सांगायचं बाकी होतं.

तर मी पेचकस घेऊन पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानात मात्र अंधार. घरमालकाने वीज आधीच तोडून घेतली होती. गल्ल्यावर एक कंदील होता आणि आत्या स्टुलावर चढून फळी सोडवत होती. मी कंदील धरला. स्क्रू एकेक करून डब्यात टणटण पडत होते. मध्येच आत्याने हात थांबवला.

मागून पान उलटल्याचा आवाज आला.

मागे काहीच नव्हतं. मागची फळी कधीच रिकामी झाली होती. तरी पान उलटलं. थोड्या वेळाने दुसरं, जरा लांबून. डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास आला, पुस्तक नाकाजवळ धरल्यावर येतो तसा.

"घाबरू नकोस," आत्या हळूच म्हणाली. "वाचतायत. पुस्तकं नेल्यापासून रोज याच वेळेला..."



तेवढ्यात औषधवाला आला. एकटाच. बगलेत ते नदीकाठच्या बाईचं पुस्तक. त्याने ते गल्ल्यावर ठेवलं, कडेने पाचसहा दोरे लोंबत होते. माझाही होता. पुस्तक वाचून झाल्यावरही मी तो शेवटच्या पानातून काढला नव्हता.

तो पुन्हा तसंच गोड बोलला. कुणाला शिक्षा करायची नाही, मुलंबाळं वाट चुकू नयेत एवढंच, घरच्यांशी दोन शब्द बोलू, शाळेला कळवू. मग तो माझ्याकडे वळला.

"तू तर रोज इथे असायचीस. हा जांभळा कुणाचा गं?"

मी अशीही फार बोलत नाही. त्या वेळी तर दातखीळच बसली. आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तापलेला होता.

"लेकराला विचारू नका," ती म्हणाली. "लाज वाटत नाही का?"

आणि मागे पान उलटलं.

त्याने ऐकलं. मागे कुणाला लपवलंय म्हणाला आणि कंदील माझ्या हातातून ओढून घेऊन थेट आत गेला. आम्ही अंधारात उभ्या राहिलो. मागच्या बाजूला उजेड भिंतीवर हलला, मग स्थिर झाला. बराच वेळ काही नाही. मग त्याचा आवाज यायला लागला. तो वाचत होता. अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचावं तसा. नदी, पायरी, दारातल्या हाका. पुस्तक तर इथे गल्ल्यावर होतं, माझ्या हाताखाली.

"आत्या... त्याला बोलाव."

"वाचू दे," आत्या म्हणाली. इतक्या थंड आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "न वाचताच बंद केलं ना त्यांनी. वाचू दे आता."

तो बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ अजून हलत होते. आमच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. दोऱ्यांचं विचारायला तो विसरला होता. पुस्तकाकडे त्याने बघितलंही नाही.

"पुढे..." तो म्हणाला. "पुढे काय होतं?"

आत्याने गल्ल्याखालून एक रीळ काढलं. राखाडी रंग, आजवर कुणाला न दिलेला. वीतभर दोरा दातांनी तोडून तिने त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने मूठ मिटली आणि कंदील खाली ठेवून निघून गेला.

आत्याने पुस्तकातले सगळे दोरे ओढून काढले आणि कंदिलावर एकेक धरून जाळले. बाकीच्या पुस्तकांची खोकी मंडळाने दुसऱ्या दिवशी मैदानात पेटवली, दोऱ्यांसकट. कवायतीच्या सरांनी आम्हाला रांगेने तिथे नेऊन उभं केलं. दोरेच उरले नाहीत, म्हणजे आम्ही वाचलो. दुकान मात्र गेलं. आत्या दूरच्या गावी नोकरीला लागली आहे, एका गोदामात, आणि पत्रात पुस्तकांचं नावही काढत नाही. दुकानाच्या जागेत आता मंडळाचं कार्यालय आहे. मला त्याचा इतका राग येतो की मी शाळेला जाताना लांबचा रस्ता धरते.

परवा भर दुपारी आजीच्या गोळ्या आणायला गेले. औषधवाला खूप वाळलाय. त्याने गोळ्या कागदात बांधता बांधता विचारलं, इतक्या हळू की आधी मला वाटलं तो स्वतःशीच बोलतोय, "ते पुस्तक संपतं कधी गं?"

ते किती छोटं आहे आणि कसं संपतं, हे मी एका वाक्यात सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. यावेळी भीतीने नाही.

तेव्हा त्याच्यामागच्या खोलीतून लहान मुलीचा आवाज आला. त्याची मुलगी दुसरीत आहे. ती मोठ्याने वाचत होती, अक्षर लावून लावून. "मग... ती... पायरीवरून उठली. आणि ज्यांनी... तिला हाका मारल्या होत्या... त्यांच्या दारांशी... एकेक करून... जाऊ लागली."

औषधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बायको तिला घेऊन माहेरी गेलीये," तो म्हणाला. "घरात कुणी नाहीये."

मी गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडले. शेवटचं पान मी स्वतः वाचलंय. ती पायरीवरून उठते असं त्या पुस्तकात कुठेच नाही.