न जन्मलेल्यांची साक्ष

पहिल्या साक्षीदाराचा जन्म व्हायला अजून बराच अवकाश होता. काळीधार औष्णिक वीज केंद्राच्या कामगार सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तो दिसला, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. किडकिडीत, डोळे खोल गेलेले, हातात दम्याचा पंप. बोलण्याआधी त्याने पंप तोंडात धरून दोनदा ओढला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. केंद्र बंद करा म्हणणारी मंडळी एकमेकांकडे बघून मान हलवू लागली. याहून भक्कम पुरावा आणखी कोणता हवा होता?

"बाळ, तुझं म्हणणं सांग," सुनावणीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती गोरे म्हणाले. "हे केंद्र फार जुनं झालंय. आम्ही ते बंद करावं की चालू ठेवावं?"

"चालू ठेवा जी," पोरगा म्हणाला. "हात जोडतो, बंद नका करू."

न्यायमूर्तींना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. पोराने पुन्हा तेच सांगितलं. मग एक मुलगी आली, तिच्या हातापायांवर चट्टे होते. एक तरुण आला, त्याला धड चालता येत नव्हतं. एकामागून एक साक्षीदार येत गेले, खोकत गेले आणि सगळे एकच सांगत गेले: चालू ठेवा. केंद्र चालू ठेवा म्हणणाऱ्यांनाही हसावं की नाही ते कळेना.

शेवटी कामगार संघटनेचे हेमराज बोरकुटे उभे राहिले. "घ्या! आता काय म्हणता? आम्ही सांगत होतो त आम्हाले नोकरीसाठी बोलता म्हणे. आता त लेकरंच सांगून राहिले ना भाऊ!"

पुढच्या पिढ्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या भविष्याचा निर्णय घेऊ नये, असा कायदा झाला तेव्हा देशभर टाळ्या वाजल्या होत्या. टाळ्या वाजवायला आपण नेहमीच तयार असतो. विचारायचं कसं, हे मात्र शास्त्रज्ञांच्या गळ्यात पडलं आणि त्यातून भावीवेध यंत्र तयार झालं. यंत्र गावातल्या प्रत्येकाची जनुकं, रोजचं येणं-जाणं, कामाच्या वेळा, सवयी असं सगळं घेऊन गाव पुढे चालवून बघायचं. कोण कोणाला भेटेल, कोणाचं कोणाशी लग्न होईल, कोणतं मूल जन्मेल आणि ते मूल काय बोलेल, इथपर्यंत. ते यंत्र घेऊन आलेले डॉ. फरहान काझी पडद्याशेजारी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काझीसाहेब, हा काय प्रकार आहे?" न्यायमूर्ती म्हणाले. "ही मुलं आजारी आहेत. स्वतःच्या जिवावर उठल्यासारखी का बोलताहेत?"

काझींच्या आधी डॉ. मैथिली ठवरे बोलली. गेली कित्येक वर्षं ती काळीधारच्या हवेतली राख मोजत होती आणि केंद्र बंद करा म्हणून कानीकपाळी ओरडत होती. तिचा नवरा प्रफुल्ल याच केंद्रात टर्बाईनवर अभियंता होता. धूर सोडणारा एक आणि धूर मोजणारी एक, असा यांचा संसार, अशी केंद्राच्या कॉलनीत त्यांची थट्टा व्हायची. सुनावणीत तज्ज्ञ म्हणून तिचं मत निर्णायक होतं.

"जिवावर उठलेली नाहीत, सर," ती म्हणाली. "जीव वाचवताहेत. ही मुलं कोणाची? केंद्र चालू राहिलं तर इथं ज्यांची लग्नं होतील, त्यांची. कोणाचे आईवडील पाळीच्या बसमध्ये भेटणार, कोणाचे कँटीनमध्ये. केंद्र बंद झालं की कॉलनी उठेल, माणसं चहूकडे पांगतील. ती भेटणारच नाहीत."

"आणि भेटली तरी उपयोग नाही," काझी म्हणाले. "एकाच जोडप्याला अक्षरशः अब्जावधी वेगवेगळी मुलं होऊ शकतात. त्यातलं कोणतं होईल हे क्षणावर ठरतं. त्या दिवशी नवरा घरी थोडा उशिरा आला, तरी जन्मेल ते दुसरंच मूल. नाव तेच ठेवतील कदाचित, पण माणूस वेगळा."

"म्हणजे केंद्र बंद केलं तर ही मुलं आजारी पडणार नाहीत, असं नाही?"

"नाही सर. ही मुलं असणारच नाहीत."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "तर मग केंद्र बंद झाल्यावर जी जन्मतील, त्यांना बोलवा."

काझींनी गणित नव्याने मांडलं. पडद्यावर दुसरी मुलं आली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची, कोणी राजस्थानात वाढणारी, कोणी पुण्यात. त्यांनीही हात जोडले. बंद करा, म्हणाली. शेवटची मुलगी तर रडायलाच लागली.

"प्रत्येक जण स्वतःच्याच जन्मासाठी मत देणार," न्यायमूर्ती पुटपुटले. "आणि हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही! ठवरे बाई, आता सगळं तुमच्यावर आहे. जेवणानंतर तुमचं मत सांगा. तुम्ही म्हणाल तसा निर्णय देऊन मोकळा होतो."

मैथिलीचं मत तयार होतं. ते ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

जेवायला मात्र ती गेली नाही. सभागृहामागच्या खोलीत, यंत्रापाशी गेली. सुनावणीतल्या तज्ज्ञांनी स्वतःचं भविष्य बघू नये असा नियम होता. काझींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नियमाचं नावही काढलं नाही. मूल व्हावं म्हणून मैथिली आणि प्रफुल्लने काय काय सोसलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, दोनदा आशा लागून सुटली होती.

"केंद्र बंद झालं तर?" तिने विचारलं.

काझींनी बघितलं. "प्रफुल्लची बदली कच्छच्या सौर प्रकल्पावर होतेय. साचलेली राख मोजायला तुम्ही इथंच राहता. उपचार अर्ध्यावर सुटतात. मूल नाही."

"आणि चालू राहिलं तर?"

त्यांनी छोटा पडदा तिच्याकडे वळवला.

नऊ वर्षांची मुलगी होती. नाकात प्राणवायूची नळी, ओठ निळसर. कपाळ थेट प्रफुल्लचं. हनुवटी मैथिलीची.

"आई, तू अशीच दिसायचीस?" मुलगी हसली. "केस किती काळे आहेत तुझे!"

"तुझं नाव काय गं?"

"चार्वी. तूच ठेवलंयस की."

"चार्वी, तुला फार त्रास होतो का?"

"जिना चढताना होतो. रात्री पण होतो. मग बाबा मला उचलून खिडकीत बसवतात आणि चिमणीवरचे लाल दिवे मोजायला सांगतात." तिने श्वास घेतला. "डॉक्टरकाका म्हणतात, मी फार मोठी नाही होणार."

ज्या राखेचे आकडे मैथिली वर्षानुवर्षं मांडत होती, ती राख या छातीत जाऊन बसली होती. "मग तुला नाही का वाटत, गं... की हे केंद्र नसतं तर बरं झालं असतं?"

मुलीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला एवढंही कळत नाही.

"पण आत्ता मी आहे ना, आई," ती म्हणाली.

जेवणानंतर सभागृह खच्चून भरलं. प्रफुल्ल दाराशी उभा होता. मैथिली माईकसमोर गेली. आकडे, कारणं, पर्याय, सगळं तिला तोंडपाठ होतं. गावातल्या हजारो जिवंत माणसांची फुप्फुसं तिच्या एका शब्दावर होती, हेही तिला पुरतं कळत होतं. तिला स्वतःची शरम वाटत होती. आणि तरीही डोळ्यांसमोर फक्त ते निळसर ओठ येत होते.

"केंद्र चालू ठेवावं," ती म्हणाली.

क्षणभर कोणाचा विश्वासच बसला नाही. बोरकुटेंनी टाळी वाजवायला हात वर केले आणि ते तसेच राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, तुम्हीसुद्धा?" प्रफुल्ल तोंडावर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. न्यायमूर्तींनी दोनदा खात्री करून घेतली आणि निर्णय दिला. पुढची वीस वर्षं काळीधारच्या चिमण्या धूर सोडत राहणार होत्या.

ती कोणाशी न बोलता मागच्या खोलीत आली. काझी यंत्रासमोर उभे होते. त्यांनी पडद्यापुढे हात आडवा धरला, लहान मुलाला चुलीपासून अडवावं तसा.

"नका बघू, मॅडम."

"बाजूला व्हा. मला तिला सांगायचंय."

"मी आत्ता पुन्हा गणित मांडलं," काझी म्हणाले. "निर्णय झाला, ती बातमी आत घातली, म्हणून. सकाळी मांडलं तेव्हा गावाला काहीच माहीत नव्हतं. यंत्राला आपलं उत्तर आधी कसं माहीत असणार? उत्तर ऐकून लोक काय करतील, हे त्याने धरलंच नव्हतं. आज अर्धं गाव इथं बसलं, रडलं, भांडलं. कोणी वेळेवर जेवलं नाही, कोणी कामावर गेलं नाही. आपल्याला कोणती पोरं होणार हे बघून लोक घरी गेलेत. आता एकाचाही दिवस ठरल्यासारखा जाणार नाही. आणि मूल तर क्षणावर ठरतं."

"म्हणजे?"

"सकाळच्या साक्षीदारांतलं एकही आता जन्मणार नाही. केंद्र चालू ठेवलं तरी नाही आणि बंद केलं असतं तरी नाही. त्यांना सगळ्यांसमोर बोलवलं, तेव्हाच ती गेली."

"चार्वीसुद्धा?"

मैथिलीने काझींचा हात बाजूला केला. पडद्यावर एक मुलगा होता. गोल चेहऱ्याचा, तोंडावर प्राणवायूचा मास्क लावलेला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिला पाहताच त्याने मास्क खाली ओढला आणि तोंडभर हसला.

"आई! चालू ठेवलंस ना? बरं केलंस!"

"चार्वी कुठं आहे?" मैथिलीने विचारलं.

"कोण चार्वी?" मुलगा म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.