कमलाबाईचा अंगठा

पोट्टेहो, मोबाइल खाली ठेवा. आपल्या धम्मदीपची गोष्ट आहे. वर्ध्याच्या एका दवाखान्यात तो जुन्या फायली सांभाळते. भुताखेताले मानत नव्हता तो.

कमलाबाई त्याच दवाखान्यात वारली. जायच्या आधी तिनं धम्मदीपच्याच हातानं अर्ज लिहून घेतला. 'मी मेल्यावर माहा आजार कोनालेच सांगू नका.' खाली जांभळ्या शाईचा अंगठा. पोरीचं, रक्षाचं, लग्न ठरलं होतं. आजार कळला असता तर मोडलंच असतं.

तिच्या दिराले, कवडूले, तेच पाह्यजे होतं. त्याची पोरगी त्याच नवरदेवाच्या घरानं नाकारली होती. अन् कवडू धम्मदीपचा लंगोटीयार.

"मेलेल्या बाईची कायची लपवाछपवी?" तो म्हने.

"फाइल देता येत नाई, नियम आहे," धम्मदीप म्हनाला. "तोंडी सांगतो. येतो मी सेलूले, तुह्या घरी."

पाहा कारकुनाचं डोकं. कागद बाहेर गेला नाई, म्हंजे याच्या मतानं नियम पाळला. राग येते मले अजून.

तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवती अमावस्या. रात्री सव्वानऊले त्यानं गाडी काढली. थंडी होती, गळ्यात दुपट्टा होता.

सेलूच्या अलीकडं, नहराच्या पुलावर, गाडी मागून दबली. कोनी बसावं तशी.

आरशात पाह्यलं. कोनी नाई.

एक्सलेटर पिळला. गाडी पळेना.

मंग वास आला. वार्डातल्या फिनाइलचा...

"कोन आहे?"

...

ओठाले काहीतरी टेकलं. थंड. ओलं. दाबून धरलं... अन् सोडलं.

गाडी हलकी झाली.

कवडू ओट्यावर वाट पाहून राह्यला होता.

"बोल."

धम्मदीपनं तोंड उघडलं. आवाज नाई. पुन्हा उघडलं. नाई.

कवडूनं ओट्यावरचा बल्ब लावला. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. आत गेला अन् कडी लावली. रक्षाच्या लग्नात पंगतीले वाढायले सगळ्यात पुढं कवडूच होता.

धम्मदीपचा आवाज तिसऱ्या दिवशी आला. आजार कोनता होता, हे मी त्याले कैकदा इचारलं. तो तोंडावर दुपट्टा बांधते अन् उठून जाते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो माह्या घरी आला. पानी प्याले त्यानं दुपट्टा खाली केला. ओठावर जांभळा अंगठा, रेघ न् रेघ दिसे. तो गेल्यावर गिलास मीच उचलला. काठाले शाई लागली होती.

ओली होती.